दोन इंच फोम: रेल्वेच्या फळीवर घडलेली डिझाइन थिंकिंगची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच फर्माईश केली होती. "डिझाइन थिंकिंग म्हणजे नक्की काय ते सांगा, पण त्या रंगीबेरंगी चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या गोष्टी नकोत." मान्य. आज चिठ्ठ्या नाहीत. आज रेल्वे आहे.

कधी स्लीपरच्या डब्यातून रात्रीचा प्रवास केलाय? केला असेल तर आठवून बघा. मधल्या बर्थवर तुम्ही आडवे झालात, पाठीखाली निळं रेक्झिन आहे आणि त्याखाली फोम. फार मऊ नाही. घरच्या गादीची सर नाही त्याला. पण पाठ टेकते, डोळा लागतो. हा फोम तिथे कोणी ठेवला, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. बर्थ म्हटला की फोम असणारच, असं आपण धरून चालतो.

तर तसं नव्हतं. १९७७ पर्यंत सामान्य माणसाच्या डब्यात नुसती लाकडी फळी होती. मुंबईहून हावड्याला जायचं असेल तरी फळीच. त्याच गाडीत पहिल्या वर्गाला मात्र गादी होती. म्हणजे गादी बनवता येत नव्हती, अशातला भाग नाही. येत होती, बनत होती, फक्त ती कोणासाठी बनवायची हे ठरलेलं होतं. आजचा सगळा भाग याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी शब्दाचं बघून घेऊ

डिझाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोगो, पोस्टर, फार तर ॲपची स्क्रीन येते. पण १९६९ साली हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन विद्वानाने एक पुस्तक लिहिलं, आणि त्यात डिझाइनची व्याख्या खूप मोठी करून टाकली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आहे ती परिस्थिती बदलून हवी तशी करण्यासाठी जो कोणी वाट आखतो, तो डिझाइनच करत असतो. याच सायमनना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यानंतर कॅलिफोर्नियात डेव्हिड केली यांची आयडिओ ही कंपनी, स्टॅनफर्ड विद्यापीठातलं डिझाइनचं केंद्र, असं करत करत 'डिझाइन थिंकिंग' हा शब्द जगभर पसरला. आज कुठल्याही वर्कशॉपला गेलात की पाच पायऱ्या सांगतात. पहिली, ग्राहकाला समजून घ्या. दुसरी, त्याचा प्रश्न नेमका मांडा. तिसरी, उपाय सुचवा, भरपूर सुचवा. चौथी, स्वस्तातला कच्चा नमुना करा. पाचवी, तो खऱ्या माणसाच्या हातात देऊन बघा.

पाठ करायला सोपं आहे. पण या पाच पायऱ्यांच्याही आधी एक पायरी असते, ती कोणी फळ्यावर लिहीत नाही. ती म्हणजे, ग्राहक म्हणून तुम्ही मोजता कोणाला?

चला, आता गाडीत बसू.

१९०९: एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर

पहिलं स्टेशन बंगालमधलं, अहमदपूर. ओखिल चंद्र सेन नावाचे एक प्रवासी. त्यांनी १९०९ साली साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला एक पत्र पाठवलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण राग अगदी शंभर नंबरी. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात हे पत्र आजही मांडलेलं आहे.

झालं असं होतं की सेनबाबूंनी फणस जरा जास्तच खाल्ला होता. पोटात कळ आली म्हणून ते अहमदपूरला उतरले आणि आडोशाला गेले. तेवढ्यात गार्डने शिट्टी मारली. सेनबाबू एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावले, पडले, फलाटावरच्या बायाबाप्यांसमोर फजिती झाली आणि गाडी निघून गेली. पत्रात त्यांनी विचारलंय की गार्ड पाच मिनिटं थांबू शकत नव्हता का? त्याला दंड करा, नाहीतर मी वर्तमानपत्रांना कळवतो.

हे पत्र आपण हसत हसत फॉरवर्ड करतो. पण आता जरा ग्राहकाची तक्रार म्हणून वाचा. त्यात सगळं आहे. काय झालं, कुठे झालं, माणसाला काय वाटलं, नक्की कुठल्या क्षणी सेवा कोसळली. सेनबाबूंनी उपाय सुचवला तो गार्डला दंड करण्याचा. पण खरा प्रश्न गार्डचा नव्हताच. ज्या माणसाला तासन् तास डब्यात बसवलंय त्याला पोट असतं, हे गाडीने गृहीत धरलंय की नाही, असा तो प्रश्न होता.

ग्राहक उपाय चुकीचा सांगू शकतो. त्याचं दुखणं मात्र खरं असतं. ही आजच्या भागातली पहिली गोष्ट.

१९१७: बसून पाहिलेला प्रवास

दुसरं स्टेशन. १९१५ च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले आणि देशभर फिरायला लागले, तिसऱ्या वर्गाने. दोन-अडीच वर्षं फिरल्यावर, सप्टेंबर १९१७ मध्ये, त्यांनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. त्यात मुंबई ते मद्रास या प्रवासाचं वर्णन आहे.

हे वर्णन वाचताना मला तरी ते एखाद्या संशोधकाच्या वहीसारखं वाटतं. तिकीट १३ रुपये ९ आणे. डब्यावर लिहिलेली क्षमता २२ माणसांची, तीही फक्त बसून. वाटेत दोन रात्री, आणि आडवं व्हायची सोय नाही. पुण्यापर्यंत गर्दी आवरली, कारण आतले दांडगे लोक बाहेरच्यांना आत येऊ देत नव्हते. रायचूरनंतर मात्र गर्दी असह्य झाली. संपूर्ण प्रवासात डबा एकदाही झाडला नाही. संडासात पाणी नाही. चहा म्हणून मिळालं ते गढूळ पाणी.

आणि मग ते हिशेब मांडतात. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्या वर्गाच्या पाचपटीहून थोडं जास्त आहे. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, निदान दहाव्या हिश्शाएवढ्या तरी सोयी मिळतात का? त्यांचं म्हणणं होतं की वरच्या वर्गांच्या ऐषारामाचा खर्च खालच्या वर्गाच्या तिकिटातून निघतोय.

लक्षात आलं का? तो दया मागत नाहीये. तो म्हणतोय की पैसे भरणारा ग्राहक हाच आहे.

पुढे त्यांनी उपाय सुचवला तो आजच्या कुठल्याही डिझाइनच्या वर्गात चालेल असा आहे. व्हाइसरॉय, सेनापती, राजे-महाराजे आणि कौन्सिलचे सदस्य, या सगळ्यांनी आगाऊ वर्दी न देता अधूनमधून तिसऱ्या वर्गाने प्रवास करावा. 'वर्दी न देता' हे महत्त्वाचं. साहेब येणार कळलं की डबा धुतला जातो, संडासात पाणी येतं, आणि साहेबांना दिसतो तो प्रवास कुठल्याही प्रवाशाच्या वाट्याला आलेला नसतो.

१९५८: परत एकदा लोटा

आता रेल्वेतून थोडा वेळ खाली उतरू, कारण याच काळात 'डिझाइन' हा शब्द भारतात सरकारी दारातून आत आला. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं, लाकडाचे पातळ थर वाकवून केलेल्या खुर्च्यांसाठी जगप्रसिद्ध. भारत सरकारने त्यांना बोलावलं आणि विचारलं, आमच्या छोट्या उद्योगांमधल्या वस्तूंचा दर्जा कसा सुधारायचा? ते देशभर हिंडले आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली.

या अहवालात त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू कुठली होती माहितीये? लोटा. आपला पाण्याचा साधा लोटा. त्यांनी विचारलं, हा लोटा नव्याने डिझाइन करायचा झाला तर काय काय बघावं लागेल? आणि यादीच दिली. पाणी किती मावायला हवं? धरणारा हात केवढा आहे, बाईचा की पुरुषाचा? उचलतात कशावर, डोक्यावर, कमरेवर की हातात? ओतताना धार कशी पडते? घासायला हात आत जातो का? किंमत किती? हाताला गार लागतो की गरम? एवढं सगळं जुळून आलंय, आणि ते कोणा एका माणसाने केलेलं नाही. पिढ्यान् पिढ्या वापरणाऱ्यांनी त्याला घडवलंय.

सेनबाबूंच्या हातातला लोटा असा माणसाच्या हाताचा पूर्ण विचार करून घडला होता. ज्या गाडीतून ते उतरले, तिचा विचार कोणी केला होता? आणि स्वातंत्र्यानंतरही ज्या फळीवर लोक रात्र काढत होते, तिचा?

फळीचे फायदे होते, असं नाही की नव्हते. लाकूड टिकतं, पुसता येतं, फाटत नाही, स्वस्त पडतं. पण हे सगळे फायदे मोजून बघा, ते कोणाचे आहेत? रेल्वेचे. त्या यादीत पाठ कुठेच नाही.

वळकटीने दिलेली खूण

पाठीचं काय होतं हे बघायला सर्वेक्षणाची गरज नव्हती. फलाटावर उभं राहिलं तरी पुरे होतं. घरी आजी-आजोबांना विचारा, लांबच्या प्रवासाला निघताना सोबत काय असायचं? ट्रंक, पाण्याची सुरई आणि वळकटी. ज्यांना परवडायचं त्यांचा पट्टे बांधलेला होल्डॉल, नाहीतर सतरंजीत गुंडाळलेली चादर-उशी. लोक आपली गादी घरून घेऊन येत होते!

डिझाइनवाले अशा गोष्टींकडे डोळे लावून बसलेले असतात. सेवेत राहिलेली उणीव ग्राहक स्वतःच्या जुगाडाने भरून काढतो, तिथेच त्याची गरज दिसते. तक्रार करणारा एखादाच सेनबाबू असतो. बाकीचे हजारो लोक मुकाट्याने वळकटी बांधतात. वळकटी म्हणजे न लिहिलेली तक्रार. ती वर्षानुवर्षं भारतातल्या प्रत्येक फलाटावर पडलेली होती, आणि लोकांना ती फक्त सामान वाटत होती.

१९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग बंद केला. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात तिसऱ्या वर्गाला दुसरा वर्ग म्हणायला लागले. पाटी बदलली, फळी तीच राहिली. आजही एखादी कंपनी 'ग्राहक' शब्द काढून 'पाहुणे' म्हणते आणि कॉल सेंटरवर तुम्हाला चाळीस मिनिटं गाणं ऐकवते, तेव्हा मला ही पाटी आठवते.

१९७७: पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक येतात

आता आपल्या माणसाकडे येऊ. मधु दंडवते. जन्म १९२४, अहमदनगर. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायचे. समाजवादी चळवळीतले. १९७१ पासून कोकणातल्या राजापूरचे खासदार. आणि गंमत बघा, या राजापुरात तेव्हा रेल्वेच नव्हती. कोकणचा माणूस मुंबईला यायचा तो एसटीने किंवा बोटीने. आणीबाणीत दंडवते तुरुंगात गेले, बाहेर आले, आणि १९७७ मध्ये जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले.

मंत्री झाल्यावर त्यांनी जे केलं त्यातलं एक काम अगदी छोटं दिसतं. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम घालायचा. बस्स. दोन इंच.

त्यांची भूमिका साधी होती. पहिल्या वर्गाला खाली ओढायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं. मला यातला पहिला अर्धा भाग फार महत्त्वाचा वाटतो. समाजवादी मंत्री आहे म्हटल्यावर तो पहिल्या वर्गाच्या गाद्या काढून टाकेल, अशी भीती कोणाला वाटली असती तर नवल नव्हतं. त्याने टाळ्याही मिळाल्या असत्या. पण त्याने फळीवरच्या माणसाची पाठ दुखायची थांबली नसती.

२६ डिसेंबर १९७७ ला मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहावरून. या गाडीत वर्गच नव्हते, सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे, आणि बर्थवर फोम. एकदम हजारो डबे बदलायला घेतले नाहीत. आधी मोठ्या शहरांना जोडणाऱ्या गाड्या, मग हळूहळू बाकीच्या. ऐंशीचं दशक संपेपर्यंत फोम जवळपास सगळीकडे पोचला होता. तोवर दंडवते कधीच रेल्वे मंत्रालयातून बाहेर पडले होते, कारण जनता सरकार १९७९ मध्येच गेलं. पण फोम काढायची हिंमत नंतरच्या कोणी केली नाही. लोकांना एकदा पाठ टेकायची सवय झाली की ती कोण काढून घेणार?

त्यांचं अजून एक काम या गोष्टीला जोडूनच बघायला हवं. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वेचा मोठा संप झाला होता आणि तो चिरडला गेला होता. नोकरीवरून काढलेल्या कामगारांना दंडवत्यांनी परत घेतलं. का सांगतोय हे? कारण सेवा म्हणजे फक्त बर्थ नाही. बर्थ पुसणारा, झेंडी दाखवणारा, तिकीट देणारा माणूस धास्तावलेला असेल तर फोम कितीही घाला, प्रवास सुधारत नाही.

आता पाच पायऱ्या लावून बघा. समजून घेणं झालं, प्रश्न मांडणं झालं, स्वस्त उपाय झाला, काही गाड्यांवर आधी केला, मग पसरवला. दंडवत्यांनी 'डिझाइन थिंकिंग' हे शब्द कधी वापरले नाहीत. मी त्यांच्यावर ते मागाहून चिकटवतोय, हे कबूल. पण सायमनच्या व्याख्येने बघितलं तर या प्राध्यापकाने डिझाइनच केलं.

उलटा धडा: बाजूचा मधला बर्थ

हे शहाणपण एकदा आलं की टिकतं का? नाही हो. २००७ च्या सुमारास, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना, एक कल्पना निघाली. डब्यात बाजूच्या रांगेत वर-खाली दोनच बर्थ असतात, मध्ये एक तिसरा घातला तर? दर डब्यात जास्त प्रवासी, जास्त उत्पन्न. कागदावर हिशेब एकदम चोख.

फक्त त्या बर्थवर झोपणारा माणूस कागदावर नव्हता. बाजूची उंची आधीच कमी. मध्ये एक फळी आली की खालच्याला नीट बसता येईना, मधल्याला कूस बदलता येईना. लोक इतके वैतागले की दोनेक वर्षांतच हे बर्थ स्लीपरमधून काढायची वेळ आली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. १९७७ ला प्रश्न होता, 'या माणसाला झोप कशी लागेल?' तीस वर्षांनी प्रश्न होता, 'या डब्यात अजून माणसं कशी मावतील?' प्रश्न बदलला की उत्तर बदलतंच. म्हणून पाच पायऱ्यांतली ती दुसरी पायरी, प्रश्न नेमका मांडणं, ती कोणाच्या बाजूने उभं राहून मांडता यावर सगळं अवलंबून असतं.

आणि आता तुमच्या हातातला फोन

शेवटचं स्टेशन. पूर्वी आरक्षण जाड रजिस्टरांमध्ये चालायचं. या गाडीची खिडकी ही, त्या गाडीची ती. चुकीच्या रांगेत उभं राहिलात की गेला दिवस. १९८६ मध्ये दिल्लीला संगणकावरचं आरक्षण सुरू झालं आणि हळूहळू कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळायला लागलं. २००२ मध्ये तिकीट इंटरनेटवर आलं. आज तुम्ही गादीवर लोळत तत्काळ काढता. निदान प्रयत्न तरी करता.

सोय झाली, शंभर टक्के झाली. पण मघाचा प्रश्न परत विचारा. आता मोजलं कोणाला जातंय? ज्याच्या हातात फोन आहे, बँकेचं खातं जोडलेलं आहे आणि जो दहाच्या ठोक्याला झटपट बोटं चालवू शकतो, त्याला. कामासाठी अचानक निघालेला मजूर, ज्याला गावाहून फोन आला आणि आज रात्रीच निघायचंय, तो अजूनही जनरल डब्याच्या दारात लटकतोय. किंवा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतोय. रुमाल ही आजची वळकटी आहे. ती आपल्याला दिसते का, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्यातले कितीतरी जण आता ॲप बनवतात, दुकान चालवतात, बँकेत किंवा पंचायतीत काम करतात. म्हणून जाता जाता एक गृहपाठ. तुमची सेवा घेणाऱ्या माणसांच्या रांगेत या आठवड्यात एकदा वर्दी न देता उभे राहा, त्यांच्यासारखेच. लोक सोबत काय घेऊन येतात ते बघा. तहसील कार्यालयात येणारी आजी सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स पिशवीत घालून का आणते? दवाखान्यात येणारा बाबा सोबत पुतण्याला का आणतो? तुमच्या फॉर्मवरचं काय त्याला वाचता येत नाही? मग घरी येऊन स्वतःला विचारा, आपण दोन इंच फोम कुठे घालू शकतो?

आणि पुढच्या वेळी स्लीपरमध्ये आडवे झालात की त्या रेक्झिनवर एकदा अंगठा दाबून बघा. मधु दंडवते २००५ मध्ये गेले. कोकणात रेल्वे यावी म्हणून त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, आणि १९९८ मध्ये ती पूर्ण धावलेली त्यांना बघता आली. फोमवर मात्र कुठे त्यांचं नाव नाही. रात्री दोन वाजता घोरणाऱ्या डब्याला ते माहीत असायची गरजही नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर, तुमच्या घरातल्या होल्डॉलची गोष्ट नक्की पाठवा.